आत्याला ऐकू येऊ नये असा पंप

माझ्या वडिलांची जीप सायखेड्यात सुरू झाली की नाशकात आमची मावशी चहाचं आधण ठेवायची. यात मी चार-दोन किलोमीटर वाढवून सांगत असेन, जास्त नाही. डिझेलचं इंजिन होतं, सायलेन्सर नावापुरता उरला होता आणि बॉनेट सुतळीने बांधलेलं होतं. गोदाकाठचे बगळे या गाडीमुळे दोनदा वस्ती बदलून गेले. तिसऱ्यांदा ते बहिरे होऊन परत आले आणि मग मात्र राहिले.

या जीपचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि त्यांना सासरहून आणायला जो घरचा माणूस जातो तो मुराळी. आमची आत्या इगतपुरीला दिलेली. वडिलांपेक्षा मोठी, घरात सगळ्यात मोठी. चाळीस वर्षं वडील तिचे मुराळी होते. सकाळी जीप काढायची, नाशिक ओलांडून इगतपुरी गाठायची, दुपारी आत्याला पुढच्या सीटवर बसवून परत. येताना ते तिला घरातली सगळी प्रकरणं सांगायचे, आणि गावात शिरल्यावर ओट्यावर बसून जाहीर करायचे, "ताईला विचारलं. ताई हो म्हणाली."

झालं. त्यावर घरात कुणी ब्र काढायचा नाही. द्राक्षाची बाग लावायची, ताई हो म्हणाली. मला मास्तरकीला घालायचं, ताई हो म्हणाली. मला विमान चालवायचं होतं, पण ताईच हो म्हणाल्यावर विमानाने तरी काय करावं.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण विहिरीचं. माझे धाकटे काका, म्हणजे वडिलांचे भाऊ, म्हणत होते की विहीर पश्चिमेला जांभळाजवळ खणू. वडील म्हणत होते पूर्वेला. त्या आखाजीला वडील इगतपुरीहून परत आले ते ताईचा हो घेऊनच. पूर्वेला खणलं. सत्तर फूट गेलो. खडक लागला, आणखी खडक लागला, आणि तळाशी एक बेडूक निघाला, तोही घशाला कोरड पडलेला. तेव्हापासून काकांनी आत्याशी बोलणं कमी केलं. भांडले नाहीत. साडीचोळी दिली, पाया पडले, पण तोंडातून निघायचं एवढंच, "बरी हाये ना?" तीस वर्षं त्यांनी हे एकच वाक्य वापरलं, आणि तेही जपून.

वडील गेले. जीपचं इंजिन त्यांच्यामागून महिन्याभरात बसलं. गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली गेली, आणि आत्या यायची थांबली. पहिल्या वर्षी मी चारचाकी घेऊन गेलो, एसी लावून. तिने दार उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "या डब्यात मी बसायची नाही. लोणचं आहे का मी?" दुसऱ्या वर्षी नाही आली, तिसऱ्या वर्षीही नाही. मग गेल्या दिवाळीला तिचा फोन आला.

"यंदा आखाजीला भाऊची जीप आली तर येते. नाही आली तर माझं माहेर संपलं, पुन्हा न्यायला येऊ नका."

"आत्या, इंजिन गेलंय तिचं."

"दुसरं बसव. माणसाला गुडघे बसवतात. आणि बोंबलणारी आणू नको. एक कान तुझ्या बापाच्या गाडीत गेला. एक उरलाय, तो मला वापरायचाय."

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "आत्या, अशी आणतो की चालू आहे का बंद तुला कळायचं नाही." माझ्या जिभेला ब्रेक नाही, ही गोष्ट आमच्या घरात जीपच्या ब्रेकइतकीच प्रसिद्ध आहे.

मग मी मिस्त्री शोधला. नाशकात अंबडच्या बाजूला त्याचं गॅरेज. माणूस मूळचा सटाण्याकडचा, हाताला अशी जादू की बंद पडलेलं घड्याळ त्याच्याकडे बघून दोन मिनिटं पुढे जायचं. त्याची एक खूण मला लवकरच कळली. मिस्त्री खात्रीचं बोलायचा तेव्हा अहिराणीत बोलायचा, आणि त्याची स्वतःची खात्री नसली की थेट शुद्ध मराठीत शिरायचा, बातम्या वाचल्यासारखा. हे कळूनही मी पुढे जे केलं त्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

अपघातात मागून चेपलेल्या एका छोट्या मोटारीचं पेट्रोल इंजिन आम्ही काढलं आणि जीपमध्ये बसवलं. आरटीओत त्याची रीतसर नोंद केली, तो वेगळा ग्रंथ होईल, आणि त्यात निम्मी पानं नुसती रांगेत उभं राहण्याची निघतील. इंजिन गोड होतं. पण ते इंजेक्शनचं, म्हणजे त्याला पेट्रोल नुसतं पोचून भागत नाही, दाबाने पोचावं लागतं. मूळ मोटारीत त्यासाठी पंप टाकीच्या पोटातच होता. आमच्या जीपची टाकी म्हणजे ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्र्याचा डबा, त्यात पंप शिरायला जागा नाही. म्हणून बाहेरून लावायचा विजेवरचा पंप हवा होता. आणि तो गप्प बसणारा हवा होता, कारण आत्या.

मी द्वारका चौकाजवळच्या एका पार्टवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, "पंप पाहिजे. आवाज न करणारा."

"कूलरचा का माशांच्या टाकीचा?"

"जीपचा."

त्याने चष्मा वर केला. "जीप आवाज करणारी, मग पंप आवाज न करणारा कशाला?"

हाच प्रश्न काकांनी जास्त खोलात जाऊन विचारला होता. काका म्हणजे पंपाच्या बाबतीत आमच्या पंचक्रोशीतलं हायकोर्ट. ओट्यावर डोळे मिटून पडलेले असतात, आणि पाऊण किलोमीटरवरची मोटर पाणी ओढतेय की हवा, हे पडल्या पडल्या सांगतात. मी म्हणतो पाऊण, गाव म्हणतं दीड. "आवाज नाय करत तो पंप चालू हाय हे कळनार कसं, मास्तर?" असं ते म्हणाले होते. मी भूगोल शिकवतो, आणि घरात मला मास्तर म्हणतात ते काही आदराने नाही. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. विहिरीचा पंप वेगळा, गाडीचा पंप वेगळा, असं माझं शिकलेलं मत होतं.

पहिला पंप आणला तो चौकोनी, काडेपेटीएवढा. टकटक, टकटक असा मंद आवाज. मला फार आवडला, घरात घड्याळ असावं तसा. पण तो जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा. इंजिन एकदा खोकलं, माझ्याकडे बघितलं आणि झोपलं. इतका हलका दाब की त्या पंपाने पेट्रोल पाठवलं म्हणण्यापेक्षा त्याने पेट्रोलला विनंती केली म्हणावं.

दुसऱ्या पंपाला दाब होता. दाबाबद्दल त्याला मी शंभरपैकी शंभर देईन. पण चावी फिरवली आणि त्याने जो सूर लावला, तो म्हशीएवढ्या डासाचा होता. आमच्या पंचवटीतल्या गल्लीत मी त्या दिवशी गाडी आणली. खालच्या मजल्यावरच्या आजी दळणाचा डबा घेऊन बाहेर आल्या, गल्लीत चक्की सुरू झाली म्हणून. कुत्री आधी भुंकली, मग त्यांनी रांग धरली आणि गाडीमागून पार गोदावरीच्या पुलापर्यंत शिस्तीत चालत आली. शाळेतल्या माझ्या वर्गातही तेवढी शिस्त नसते. मिस्त्रीने त्याचं नाव बोंबल्या ठेवलं आणि तो काढून फळीवर टाकला.

तिसऱ्या वेळी पार्टवाल्याला माझी दया आली. त्याने आतल्या कपाटातून एक लांबट, जाड, चकचकीत नळकांडं काढलं. म्हणाला, "याच्यात चिमटे नाहीत, पंखा आहे. पेट्रोल ओरबाडत नाही, फिरवत पुढे ढकलतो. म्हणून गप्प." मी म्हणालो, बॅटरीला लावून दाखवा, कानाने ऐकतो. त्याने तो माझ्या हातातून हिसकावून घेतला. "कोरडा फिरवू नका. पेट्रोल हेच त्याचं तेल आणि पेट्रोल हाच त्याचा गारवा. जास्त वेळ कोरडा चालला की संपला." मग त्याने डबाभर पेट्रोलात तोंड बुडवून चालवून दाखवला. खरं सांगतो, त्यापेक्षा पार्टवाल्याचा श्वास मोठा होता.

इथे थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आत्याचा उरलेला कान. मी मिस्त्रीला म्हणालो, "टाकी सीटखाली आहे, म्हणून तिथे लावू नका. आत्या शेजारीच बसणार. बॉनेटमध्ये लावा, पार पुढे, वर. जितका लांब तितका कमी ऐकू येईल."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. टाकीकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं. आणि अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाला, "काही हरकत नाही, सर. अतिशय उत्तम चालेल."

मला तिथेच कळायला हवं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी जीप काढली. काका सायखेड्याहून पहिल्या एसटीने आले होते, कारण त्यांच्या मते मी एकटा मुराळी शोभत नव्हतो. धुतलेलं धोतर, टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात नेहमीचं दुकान. द्राक्षवाल्यांच्या खिशात ड्रिपचं काय काय सापडतं, पण काकांच्या खिशात अख्ख्या एकराचं ड्रिप असतं, जॉइनर, टोप्या, रबरी वायसर. सदरा धुवायला काढला की काकू खिसे नाही, गोडाऊन रिकामं करते.

नाशिक सुटलं, विल्होळी गेलं, जीप लोण्यावरून चालल्यासारखी. मी काकांकडे बघत होतो, ते काहीतरी बरं बोलतील म्हणून. ते म्हणाले, "वाडीवऱ्हेच्या पुढं नेली तर बोल."

वैशाखाचं ऊन कसं असतं ते नाशिककरांना सांगायला नको. त्या दिवशी डांबर इतकं मऊ झालं होतं की आमच्यापुढचा ट्रक रस्त्यावर ठसे उमटवत चालला होता, बैलासारखे. वाडीवऱ्हेच्या अलीकडे बॉनेटमधून एक बारीक सूर यायला लागला. मग मोठा. मग किंकाळी. जीपने तीन आचके दिले आणि एका रसवंतीसमोर, अगदी बाकड्याला लागून, जणू तिलाच रस प्यायचा होता अशी उभी राहिली.

चावी फिरवली. पंप किंचाळला, इंजिन ढिम्म. आणि फोन वाजला. आत्या.

"निघालात का?"

"घोटीला पोचलोच, आत्या."

"घोटीत घुंगरं कसली वाजतायत?"

रसवंतीच्या चरकाला घुंगरं बांधलेली होती, आणि मालक अगदी मन लावून रस काढत होता. मी म्हणालो, "मिरवणूक आहे."

"आखाजीच्या आदल्या दिवशी? हे बघ, मी पायरीवर बसलेय. सकाळपासून. सूनबाई आत बोलावतेय, मी जात नाहीये. सूर्य मावळेपर्यंत बसेन, मग पिशवी आत नेईन आणि ती पुन्हा भरायची नाही." आणि फोन ठेवला.

मी काकांना सांगितलं. ते उठले, रसवंतीवाल्याला म्हणाले, "भाऊ, चरक जरा थांबव." घुंगरं थांबली. बाकड्यावर विडी ओढत बसलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी रस्त्याच्या पलीकडे पाठवलं, रसाचा ग्लास हातात देऊन. मग टोपी काढली, बॉनेटच्या कडेला कान लावला, डोळे मिटले आणि बोटाने मला खुणावलं. मी चावी फिरवली. रसवंतीत सात-आठ माणसं होती, सगळी श्वास रोखून उभी. काकांनी डोळे उघडले.

"हवा ओढतोय."

"काका, हा विहिरीचा पंप नाही."

"पंप कुठं हाय?"

"इथे, वर."

"आन पेट्रोल?"

"खाली. माझ्या सीटखाली."

काका माझ्याकडे असे बघत राहिले की मला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. "पानी विहिरीत, आन मोटर गच्चीवर. का रे बाबा?"

"आवाज येऊ नये म्हणून."

"मास्तर, पोरांना तू शिकवतो काय?"

"भूगोल."

"तरीच."

रसवंतीतले सगळे हसले. रस्त्यापलीकडचा विडीवालाही हसला, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं तरी. काकांनी मग तिथल्या उसाचं एक कांडं घेतलं आणि मला धडा दिला. पंप ढकलायला वाघ, ओढायला शेळी. पाण्याच्या जेवढा जवळ, जेवढा खाली, तेवढा तो खूष. वर टांगला की त्याला घोट घोट ओढावं लागतं, त्यात बॉनेटमधल्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला पकडता येत नाही. मग तो कोरडा फिरतो, तापतो आणि ओरडतो. "तू त्याला आवाज नको म्हनून वर ठिवला, आन वर ठिवला म्हनून तो बोंबलतोय."

मी मिस्त्रीला फोन केला. तो हत्यारांची पिशवी आणि मागे नळीचं वेटोळं बांधून मोटारसायकलवर आला. तोवर रसवंतीवाल्याने बर्फ दिला होता, आणि काकांनी आपल्या उपरण्यात तो बांधून पंपाच्या डोक्यावर ठेवला होता, ताप आलेल्या माणसाच्या ठेवतात तसा. मिस्त्रीने ते बघितलं, काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

मिस्त्री उन्हात उभा राहून एकदा शुद्ध मराठीच्या तयारीत आला. घसा साफ केला. मग खांदे पाडले आणि म्हणाला, "मनी चूक शे, काका."

त्या क्षणी मला कळलं की आता गाडी नीट होणार.

दोघांनी मिळून मला कामातून काढून टाकलं. बॅटरीची तार सोडवली, इंजिन गार होऊ दिलं, आणि पंप वरून उतरवून सीटखाली, टाकीच्या तळाशी, चासीच्या कडेला आणला. काकांनी विचारलं, "विहिरीत पायपाच्या तोंडाच्या फुटवॉलला जाळी असती, हिथं काय?" मिस्त्रीने पंपाच्या आधी जाळीचा मोठा फिल्टर टाकला आणि बारीक फिल्टर पंपाच्या पुढे. काकांनी पंपाला जाणारी तार दोन बोटांत धरून उन्हाकडे केली. "ही तार? हिच्यावर तर गणपतीपुढची माळ लागायची नाय. व्होल्टेज कमी पडला की मोटर कन्हती." मिस्त्रीने मान डोलावली आणि बॅटरीपासून रिलेतून जाड तार ओढली. अशी जुगलबंदी मी आयुष्यात ऐकली नाही. एक जण विहिरीचं विचारायचा, दुसरा गाडीचं उत्तर द्यायचा, आणि दोघांचं एकमेकांना पटायचं.

फक्त एका ठिकाणी माझी शंका निघाली. मी म्हणालो, "पण आता हा आत्याच्या बुडाजवळ आला. पत्र्याला लागून थरथरला की सगळी जीप गुणगुणणार."

पहिल्यांदाच दोघांनी माझ्याकडे माणूस म्हणून बघितलं. कारण ते खरं होतं. पंप स्वतः कितीही मुका असो, लोखंडाला कसून आवळला की लोखंड त्याच्या वतीने बोलतं. मिस्त्रीकडे रबरी बैठक नव्हती. काकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, आणि ओंजळभर ड्रिपचं दुकान बाकड्यावर ओतलं. त्यातले आठ जाड रबरी वायसर मिस्त्रीने निवडले, पंप धरणाऱ्या पट्टीच्या भोकांत दोन्ही बाजूंनी बसवले, पंपाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, आणि तो लोखंडाला कुठेही न टेकता पाळण्यात घातल्यासारखा टांगला.

या सगळ्यात तीन तास गेले. आत्याचे चार फोन आले. दुसऱ्याला मी घोटीत होतो, तिसऱ्यालाही घोटीत होतो, चौथ्याला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "ते मला पहिल्यालाच कळलं. घोटीत रस इतका गोड नाही निघत." फोनवरून तिला रस कसा कळला हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. तेवढ्या वेळात काका मात्र रसवंतीवाल्याशेजारी जाऊन बसले होते. दिवसाला ऊस किती, चरक कुठला, उभं करायला काय लागतं, असं बारीक बारीक विचारत होते. सहा ग्लास प्यायले. चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज आलं होतं.

मिस्त्रीने बॅटरी जोडली. "फिरवा चावी."

मी फिरवली. काही नाही. "लागला नाही," मी म्हणालो.

"लागेल शे," मिस्त्री म्हणाला, म्हणजे लागलाय. "हात लावी पहा."

मी खाली वाकून पंपाला बोट लावलं. मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी एक बारीक थरथर. आवाज काही नाही. स्टार्टर मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

इगतपुरीला पोचलो तेव्हा सूर्य घाटाच्या बाजूला कलला होता, पण होता. आत्या पायरीवर. मांडीवर पिशवी, शेजारी तांदळाचं गाठोडं, सून बिचारी छत्री धरून मागे उभी. आत्या उठली, जीपच्या भोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला. मग पुढच्या सीटवर चढून बसली. काका मागच्या बाकावर गाठोडं घेऊन बसले आणि आपलं वाक्य म्हणाले, "बरी हाये ना?"

"बरी आहे." ती माझ्याकडे वळली. "चालू कर की."

"चालूच आहे, आत्या."

तिने डॅशबोर्डवर तळहात ठेवला. मग उरलेला कान पुढे केला. माझ्याकडे बघितलं. ती माझ्या एकंदर बोलण्यावर आयुष्यात पहिल्यांदाच विश्वास ठेवत होती, आणि तिला ते जड जात होतं.

घोटी आलं, मी आवर्जून दाखवलं. जीप चाळीसच्या वर नेली नाही, वारा कमी लागावा म्हणून. इंजिनाचा हुंकार होता, टायरचा होता, पण माणूस साध्या आवाजात बोलला तर ऐकू येत होतं. आत्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "किती बरं आहे. भाऊ बिचारा या रस्त्याने काय काय बोलत यायचा."

"काय बोलायचे?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

मागे गाठोडं हललं. काका पुढे वाकले. "म्हंजे?"

"म्हणजे काय म्हणजे. इंजिन इकडे धडधडतंय, तो तिकडून नुसतं तोंड हलवतोय. मधेच माझ्याकडे बघायचा. गाडी चालवणाऱ्याला कशाला बिथरवायचं, म्हणून मी आपली मान हलवायचे. हो म्हणायचे."

"सगळ्याला?"

"चाळीस वर्षं."

मी आरशात बघितलं. काकांचं तोंड उघडं होतं, आणि त्यात वाडीवऱ्ह्याची धूळ जात होती. माझ्या डोळ्यांपुढून एक विमान गेलं, ज्यात मी असायला हवा होतो. काका हळूच म्हणाले, "ताई, त्यानं तुला विहिरीचं इचारलं व्हतं."

"कुठल्या विहिरीचं?"

जीपमध्ये फक्त टायर बोलत होते. पंप तर बोलणारच नव्हता.

"पूर्वेकडच्या," काका म्हणाले. "सत्तर फूट."

"पूर्वेला?" आत्या सीटवर अर्धी वळली. "पूर्वेला कुणी विहीर खणतं का? तिथे खडक आहे. मला आपल्या आबांनी मी परकरात असताना दाखवलाय. भाऊने मला विचारायचं तरी."

काका हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे. मग जीप हलायला लागली, तांदळाचं गाठोडं घसरलं, आणि शेवटी मला गाडी बाजूला घ्यावी लागली, बरोबर त्याच रसवंतीसमोर. तीस वर्षांचं बोलणं त्यांनी तिथे एका बैठकीत काढलं. विहीर, बेडूक, बाग, काकूचे गुडघे, कोण गेलं, कोण आजारी. आत्या रस पीत ऐकत होती आणि प्रत्येकाला उत्तर देत होती. मी दोन्हीकडून काढून टाकलेला माणूस, चावी हातात घेऊन उभा.

दिवेलागणीला आम्ही सायखेड्याच्या रस्त्याला लागलो. काका मागून पुढच्या सीटच्या पाठीवर कोपरं टेकून बसले होते, चेहऱ्यावर दुपारचं तेच तेज. घसा साफ करून म्हणाले, "ताई, आता बघ, गाडी गप हाय. तुला नीट ऐकू येतंय. तर मी म्हनतो, रस्त्याकडची निम्मी द्राक्षं काढून तिथं रसवंती टाकावी. काय?"

आत्याने जराही वेळ घेतला नाही. "नको."

आमच्या घराण्यात आत्या नको म्हणाल्याची ही पहिली वेळ. काका मागे टेकले. एक पूल गेला, एक देऊळ गेलं. मग माझ्या कानाशी येऊन, आत्याच्या गेलेल्या कानाच्या बाजूने, त्यांनी विचारलं,

"मास्तर, तो बोंबल्या पंप मिस्त्रीनं ठिवलाय ना अजून?"